ओठावरचे फोड आणि घरातला अबोला

पत्र:

मी ३४ वर्षांची आहे. कॉलेजात असल्यापासून वर्षातून तीन-चार वेळा माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेला बारीक, पाण्याने भरलेले फोड येतात. आधी चुणचुणतं, मग फोड, मग खपली. ताप येऊन गेला, पाळी जवळ आली, जागरणं झाली की हमखास. आजवर त्यावर टूथपेस्ट लावायचे आणि बाहेर जाताना लिपस्टिकखाली झाकायचे. या वेळी फोड मोठे आले म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठीवर ‘हर्पिस लॅबियालिस’ असं लिहिलं. नवऱ्याने ते नाव इंटरनेटवर शोधलं आणि मला विचारलं, “हे तुला कुठून आलं?” त्या दिवसापासून घरात अबोला आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली आमच्या. मुलगी सहा वर्षांची आहे. ती दोन वर्षांची असताना तिला जोराचा ताप येऊन तोंड आलं होतं, ते माझ्यामुळे का, हा विचार आता पाठ सोडत नाही. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं बाळंतपण आहे आणि मदतीला मीच जाणार आहे. जाऊ की नको? तिला हे सांगू की नको? हा आजार मुळापासून जावा म्हणून काय करू?

— एक वाचक

उत्तर:

प्रिय ताई,

तुम्ही बरंच काही विचारलं आहे, पण त्यातला एकच प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही, हे पत्रातून कळतं. म्हणून तोच आधी घेते. हे तुला कुठून आलं? याचं सर्वांत संभवनीय उत्तर असं, की लहानपणी घरातल्या कुणीतरी मायेने घेतलेल्या एखाद्या पाप्यातून. तो कुणी घेतला, कधी घेतला, हे आता कुणालाच शोधता येणार नाही, आणि शोधून उपयोगही नाही.

असे फोड आणणारा विषाणू म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, आणि ओठावर बहुतेक वेळा असतो तो त्याचा पहिला प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे. म्हणजे या वयातल्या दर शंभरांपैकी सुमारे ६४ जण. त्यातल्या पुष्कळांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा विषाणू आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. तुमच्या यजमानांच्या शरीरातही तो असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि तोही त्यांना तुमच्याकडूनच आला असेल असं नाही. लाळेतून आणि त्वचेच्या स्पर्शातून तो पसरतो, आणि लहान मुलांना तर मोठी माणसं सारखी जवळ घेत असतात.

शरीरात शिरल्यावर पहिला फोड लगेच येईलच असंही नाही. तो महिन्यांनी येतो, कधी कित्येक वर्षांनी येतो. लहानपणी आलेल्या विषाणूने कॉलेजच्या वयात, परीक्षेच्या ताणात पहिल्यांदा डोकं वर काढणं यात काहीही नवल नाही.

मग इंटरनेटवर गुप्तरोग म्हणून जे वाचायला मिळतं ते कुठलं? या विषाणूचा दुसरा प्रकार आहे, तो मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. पहिला प्रकारही मुखमैथुनातून तिथे पोचू शकतो. म्हणून ओठावर फोड असताना, अगदी चुणचुण सुरू झाल्यापासून खपली गळून पडेपर्यंत, चुंबन आणि मुखमैथुन दोन्ही टाळायचं. हे सांगताना मी आडपडदा ठेवत नाही. अर्धवट वाचलेल्या माहितीनेच तुमच्या घरात अबोला आणला आहे, त्यात मी आणखी अर्धवट भर घालणार नाही. पण ओठावरच्या फोडांवरून कुणाच्या चारित्र्याबद्दल कुठलाही निष्कर्ष निघत नाही. तुमच्याही नाही, त्यांच्याही नाही.

अशा वेळी जोडपी रक्ततपासणीचा विचार करतात. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडींवरून) एवढंच कळतं की हा विषाणू कधीतरी शरीरात शिरला आहे. केव्हा आणि कुणाकडून, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे त्याचं उत्तर त्या कागदावर नसेल, उलट भांडायला एक कागद मात्र मिळेल. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. तरी शंका उरली तर दोघांनी मिळून त्याच डॉक्टरांना भेटा. एकट्याने भेटून घरी येऊन समजावण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एवढं विस्ताराने लिहिलं त्यामागे एक वैद्यकीय कारणही आहे. लाज वाटली की माणूस फोड लपवतो. लपवला की औषध वेळेवर घेत नाही, कारण औषध घ्यायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं. आणि समोरच्यांना सावध करता येत नाही, कारण त्यांनाही सांगावं लागणार. तुम्ही इतकी वर्षं लिपस्टिकखाली फोड झाकलेत, त्यात नुकसान दोन्हीकडून झालं. बहिणीला सांगू की नको, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. सांगायचं. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते.

मुळापासून घालवण्याबद्दल खरं तेच सांगते. आज तरी असं औषध नाही. पहिल्या लागणीनंतर हा विषाणू त्वचेतून मज्जातंतूच्या वाटेने आत जातो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या एका पुंजक्यात जाऊन बसतो. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी नस आहे, तिचा हा पुंजका. तिथे तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. वाढत नाही, त्रास देत नाही, पण विझलेलाही नसतो. आपली औषधं विषाणू आपल्या प्रती काढत असताना त्याला अडवतात. जो स्वस्थ बसला आहे त्याच्यावर ती चालत नाहीत. कधीतरी तो जागा होतो, त्याच तंतूवरून परत ओठाकडे येतो आणि फोड उठतो. दर वेळी उजव्या कडेलाच का, तर त्याची येण्याजाण्याची वाट तीच आहे म्हणून. “आजार कायमचा घालवतो” असं सांगून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. मात्र वय वाढत जातं तसं फोड येण्याचं प्रमाण बऱ्याच जणांत आपोआप कमी होतं, हेही तितकंच खरं आहे.

त्याला जागं करणाऱ्या गोष्टींपैकी तीन तुम्ही स्वतःच ओळखल्या आहेत: ताप, पाळी, जागरण. त्यात सर्दी, मनावरचा ताण, ओठाला झालेली इजा, दातांचं काम आणि ऊन यांची भर घाला. उन्हाचं मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही आणि त्यावर उपाय सर्वांत सोपा आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ओठावरची प्रतिकारशक्ती काही काळ दबते. दिवसभर उन्हात, समुद्रकाठी किंवा उंच डोंगरावर फिरून आल्यावर दोन-चार दिवसांत अनेकांना फोड येतो. ओठांना लावायचा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम घ्या, बाहेर पडण्याआधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. ओठांना आपण काहीच लावत नाही, आणि ऊन तर चेहऱ्याइतकंच त्यांनाही लागतं. दातांचं मोठं काम ठरलं असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा. काही जणांना त्या वेळी आधीपासून गोळी देतात. आणि त्या दिवशी ओठावर ताजा फोड असेल, तर काम तातडीचं नसल्यास पुढे ढकलायला सांगा. त्यात तुमच्या ओठाचंही भलं आहे आणि त्यांच्या हातांचं व डोळ्यांचंही.

ताण मात्र लिप बामने जात नाही, आणि “ताण घेऊ नका” असं सांगणं मला नेहमीच पोकळ वाटतं. घरातला अबोला संपणं हाच तुमच्यासाठी त्यावरचा खरा इलाज आहे.

आता औषध. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. तुम्ही लिहिलं आहे की आधी चुणचुणतं. ती चुणचुण, खाज, हुळहुळेपणा म्हणजे विषाणू ओठापर्यंत येऊन पोचल्याची खूण. फोड दिसायला अजून काही तासांपासून एक-दीड दिवसापर्यंत अवकाश असतो. औषधाचा खरा उपयोग या तासांत होतो. फोड फुटून खपली धरल्यावर गोळ्या घेऊन फारसं काही हाती लागत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच दवाखान्यात येतात.

गोळ्यांमध्ये असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. असायक्लोव्हिरची रचना मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे. हे औषध निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय पडून राहतं. विषाणूने शिरकाव केलेल्या पेशीतच, विषाणूच्याच एका विकराकडून (एन्झाइमकडून) ते सक्रिय होतं आणि त्याची वाढ रोखतं. म्हणून त्याचे दुष्परिणाम इतके कमी. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून ते पुढे आलं, आणि औषधं शोधण्याच्या त्यांच्या एकूण कार्याबद्दल त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

निरोगी मूत्रपिंडं असलेल्या प्रौढ व्यक्तीला ओठावरच्या फोडांसाठी व्हॅलासायक्लोव्हिर सहसा एकाच दिवसापुरतं देतात: चुणचुण सुरू होताच २ ग्रॅम आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. तुमच्यासाठी कुठली गोळी आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगायला हवं. पण त्यांना एक विनंती जरूर करा: चिठ्ठी आधीच लिहून द्या. गोळ्या घरात असू द्या, प्रवासाला निघताना पर्समध्ये ठेवा. चुणचुण रात्री अकराला सुरू झाली तर सकाळपर्यंत थांबावं लागू नये.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. वेळेवर घेतलेल्या गोळीने आजाराचा काळ साधारण एखाद्या दिवसाने कमी होतो, दुखणं सौम्य होतं, आणि कधीकधी फोड उठण्याआधीच विरतो. असायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा चार-पाच दिवस लावतात; त्याचा फायदा गोळीपेक्षा कमी, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. वर्षातून सहा किंवा त्याहून जास्त वेळा फोड येत असतील, किंवा दर वेळी फार मोठे येत असतील, तर काही महिने रोज कमी मात्रेची गोळी घेण्याचा पर्याय असतो. तुमचे तीन-चार वेळाच येतात, तेव्हा तुम्हाला त्याची गरज पडेल असं दिसत नाही. अँटिबायोटिकने विषाणूला काहीही होत नाही. घरात पडलेल्या त्वचेच्या मिश्र मलमांच्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडावर लावू नका, कारण एकट्या स्टिरॉइडने विषाणूला रान मोकळं मिळतं.

टूथपेस्ट आजपासून बंद. तिने फोड कोरडा पडल्यासारखा वाटतो, पण त्वचा चिडते, भेगा पडतात आणि भरून यायला उशीर होतो. लिंबाचा रस आणि स्पिरिट यांचंही तेच. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरलात तर ठणका कमी होतो. खपली धरली की पेट्रोलियम जेली पातळ लावा म्हणजे ती ताणून फाटणार नाही, पण डबीत बोट घालू नका, कापसाच्या काडीने काढा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. औषधांच्या दुकानात या फोडांवर लावायच्या पारदर्शक पट्ट्याही मिळतात. त्या फोड झाकतात, हात लागण्यापासून वाचवतात आणि लिपस्टिकपेक्षा शंभर पटींनी बऱ्या. फोड फोडायचा नाही, खपली ओढायची नाही. फोडावर लावलेली लिपस्टिक पुन्हा वापरू नका, आणि एरवीही ती कुणाला देऊ नका.

औषध घ्या वा न घ्या, साधारण क्रम असा असतो: चुणचुणीनंतर एक-दोन दिवसांत लालसर जागेवर फोडांचा घोस, मग ते फुटून लस वाहते, मग पिवळसर-तपकिरी खपली, आणि सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, डाग न राहता त्वचा पूर्ववत. लस वाहत असते ते दिवस सर्वांत संसर्गजन्य. त्या काळात आपला पेला, चमचा, टॉवेल, ब्रश वेगळा ठेवा. फोडाला हात लागला की साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती लाळेने ओली करून डोळ्यात घालणं ही फार वाईट सवय आहे, फोड असताना तर धोकादायकच. फोड नसतानाही लाळेतून विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, हे खरं आहे. पण त्या धास्तीने बारा महिने घरच्यांपासून अंतर राखून राहायची गरज नाही. काळजी घ्यायची ती चुणचुणीपासून खपली गळून पडेपर्यंत.

तोंडाभोवतीचा प्रत्येक फोड हर्पिसचा नसतो. दोन्ही कोपरे चिरले असतील, तोंड उघडताना फाटल्यासारखं दुखत असेल, तर ते बुरशीमुळे, जीवाणूंमुळे किंवा लोह आणि ब जीवनसत्त्वांच्या कमतरतेमुळे असू शकतं. त्यावर असायक्लोव्हिर फुकट जातं. गालाच्या आत किंवा जिभेवर येणारे पांढरट, गोल, चरचरणारे व्रण वेगळे आणि ते कुणाला लागत नाहीत. मुलांच्या तोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली दिसली तर बहुधा जीवाणूंचा संसर्ग असतो. आणि नागीण होते ती याच घराण्यातल्या, पण निराळ्या विषाणूमुळे, कांजिण्यांच्या. तुमच्या डॉक्टरांनी फोड प्रत्यक्ष पाहून निदान केलं आहे आणि तुम्ही सांगितलेली लक्षणंही त्याच्याशी तंतोतंत जुळतात, तेव्हा तुम्ही या फेऱ्यात पडू नका.

लेकीबद्दल. दोन वर्षांच्या मुलाला जोराचा ताप, तोंडभर फोड, सुजलेल्या, जरा धक्क्याने रक्त येणाऱ्या हिरड्या, लाळ गळणं आणि खाण्यापिण्याला नकार, हे या विषाणूच्या पहिल्या लागणीचं चित्र असू शकतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ते जास्त दिसतं. तिचं तेच होतं का, हे चार वर्षांनी मी सांगू शकत नाही, कारण मुलांचं तोंड इतर विषाणूंनीही येतं. समजा तेच होतं. तरी ते तुमच्याकडून आलं की आजीकडून, मामाकडून, की सोबत खेळणाऱ्या दुसऱ्या मुलाकडून, याचा उलगडा होणार नाही. मुलांना जवळ न घेता वाढवता येत नाही, ताई. तिला तुम्ही जवळ घेतलंत, त्यासाठी स्वतःला शिक्षा देऊ नका. पुढे तिला ओठावर फोड आला तर बोटं तोंडात घालू न देणं, डोळे चोळू न देणं एवढं बघा, कारण बोटाच्या टोकालाही असाच दुखरा फोड होऊ शकतो. शाळा बुडवायचं कारण नाही. तिला इसबाचा त्रास असेल आणि इसबाच्या जागी एकदम पुष्कळ फोड उठले, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. कुठल्याही लहान मुलाचं असं तोंड आलेलं असताना खरी भीती पाणी कमी पडण्याची असते. लघवी कमी झाली, मूल मलूल झालं, पाणीही पिईना, तर वाट बघू नका.

तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे पुन्हा केव्हा जायचं? दोन आठवड्यांत फोड भरला नाही तर. फोड पसरत चालले, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील तर पहिल्याच दिवशी. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, घरातले कुठलेही जुने थेंब न घालता. हा विषाणू डोळ्याच्या बुबुळावर व्रण करतो, आणि नुसत्या स्टिरॉइडच्या थेंबांनी तो व्रण झपाट्याने बिघडतो. दृष्टी जाऊ शकते. फार जणांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांच्यासाठी एकेक दिवस मोलाचा असतो. जोराच्या तापासोबत तीव्र डोकेदुखी, बरळणं किंवा झटके आले, तर थेट रुग्णालय. तेही क्वचितच, पण माहीत असलेलं बरं.

आता बहिणीचं घर. जा. तिला तुमची गरज आहे आणि ओठावर फोड नसताना हात स्वच्छ धुऊन बाळाला घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त बाळाचा पापा घ्यायचा नाही, तोंडाचाही नाही, हातांचाही नाही, कारण ते हात बाळ तोंडातच घालतं. पहिले काही आठवडे हा नियम घरातल्या सगळ्यांसाठी असावा, फोड आलेल्यांसाठी आणि कधीच न आलेल्यांसाठीही.

इतकी सावधगिरी का, ते सांगते. मोठ्यांच्या ओठावर आठवडाभर ठणकणारा हा विषाणू नवजात बाळाच्या मेंदूत, यकृतात, सगळ्या शरीरात पसरू शकतो. असं फार क्वचित होतं. जगभरात एक लाख जन्मांमागे सुमारे दहा बाळांना, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातही बहुतेकांना लागण प्रसूतीच्या वेळी होते, पाप्यातून होणारी त्याहून कमी. पण झालं तर जिवावर बेतू शकतं. महिना-दीड महिन्याच्या बाळाने दूध पिणं कमी केलं, ते अति झोपाळू किंवा सतत किरकिरं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, अंगावर कुठेही पाण्याचा फोड दिसला, झटका आला, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालयात न्यायचं आणि घरात कुणाला ओठावर फोड होता का हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. शिरेतून असायक्लोव्हिर लवकर सुरू झालं तर बाळ वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हे आपणहून सांगणं ज्या घरात फोड लपवले जातात तिथे जमत नाही.

तिथे असताना चुणचुण सुरू झाली, तर पर्समधली गोळी घ्या आणि त्या क्षणापासून बाळाला दुसऱ्यांकडे द्या. खपली पडून खालची नवी त्वचा दिसेपर्यंत बाळाला उचलू नका. त्या दिवसांत बहिणीला झोप मिळेल असं घर सांभाळा, स्वयंपाक करा, कपडे धुवा. बाळंतिणीच्या घरात बाळाला न घेताही हातांना उसंत नसते. बाळाजवळ जाण्याची वेळच आली तर मास्क, पट्टी आणि साबणाने धुतलेले हात. उद्या बहिणीच्याच ओठावर फोड आला तरी तिने पाजणं थांबवायचं नाही. मास्क लावायचा, पापा घ्यायचा नाही, हात धुवायचे. स्तनावरच फोड दिसला तर मात्र त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं.

बहिणीला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती बाळ जन्मण्याआधीच सांगायला हवी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला जननेंद्रियांवर या विषाणूची पहिलीच लागण झाली, तर बाळाला सर्वाधिक धोका असतो, कारण आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोचायला तेवढा वेळच मिळत नाही. तिच्या नवऱ्याला ओठावर असे फोड येत असतील तर या दिवसांत मुखमैथुन टाळावं. आणि तिला स्वतःला कधी जननेंद्रियांवर फोड आले असतील, तर प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ते असायलाच हवं. शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन, प्रसूतीच्या वेळी तपासून ते बाळाला सांभाळून घेतात. हे बोलणं अवघड आहे, मला कल्पना आहे. “मला ओठावर हर्पिसचे फोड येतात, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हे सांगायला सांगितलं आहे,” अशी सुरुवात तुम्ही स्वतःपासून केलीत तर तिला ऐकायला सोपं जाईल. फोन याच आठवड्यात करा, म्हणजे तिच्या पुढच्या तपासणीच्या आत हे सगळं तिला कळलेलं असेल.

तुमची,
सदराची डॉक्टर